जोतीराम मिस्त्रीनं पाटा चमकवला

जोतीराम मिस्त्रीला चकाकीपुढं काही सुचायचंच नाही. विश्रामबागेतल्या कितीतरी बंगल्यांतले स्वयंपाकाचे कट्टे त्याच्या हातचे. ग्रॅनाइटवर पॉलिशचं मशीन असं फिरवायचा, की बाईनं कट्ट्यात बघून टिकली लावावी! आणि घरी? घरी सुलाबाई तीस वर्षं जमिनीवर बसून रांधत होती. लोकांची घरं चकचकीत करण्याच्या नादात गड्याचं स्वतःचं घर राहूनच गेलं.

यंदा तिचे गुडघे धरले, तेव्हा कुठं याला जाग आली. कट्टा घालायचं ठरलं. वर काळा ग्रॅनाइट, मागची भिंत मात्र तिच्या आवडीची, न घडवलेल्या ओबडधोबड दगडाची. तिचं मागणं एकच होतं. आईनं लग्नात दिलेला पाटा कट्ट्यात बसवा, म्हणजे उभ्यानं वाटता येईल. माहेरचं तेवढंच उरलं होतं तिच्यापाशी.

ती चार दिवस औंधला लेकीकडं जाऊन आली, तर कट्टा तयार. आणि पाटा? ग्रॅनाइटला शोभावा म्हणून या शहाण्यानं त्यालाही पॉलिश मारलेलं!

"कसा झालाय?" जोतीराम मिशीत हसत म्हणाला.

सुलाबाईनं लसूण-मिरची ठेवली आणि वरवंटा ओढला. वरवंटा सुळकन घसरला, लसूण टुणकन खाली. पुन्हा तेच. ती भांडली असती तर परवडलं असतं. तिनं नुसता पदर डोळ्याला लावला.

"आवं, ह्यो आता वाटायचा न्हाई. मिक्सर आणा."

जोतीरामनं पिशवीतून छिन्नी काढली. "थांब की. टाकी लावतो त्याला."

टाकी लावायची म्हणजे छिन्नीनं बारीक टोचे मारून दगड खरबरीत करायचा. पण आधी आईनं, मग सुलाबाईनं वाटून वाटून पाटा मध्ये आधीच पातळ झालेला, त्यात मशीननं आणखी खाल्लेला. एक घाव जोरात बसला की दोन तुकडे. जन्मभर दगडावरचे ओरखडे काढणारा माणूस ओरखडे पाडायला उभा राहिला.

"हळू वं, हळू," सुलाबाई शेजारी उभी राहून म्हणत होती. अख्खी दुपार टुकटुक चालली. पाटा टिकला.

टाकीनंतरचं पहिलं वाटण दगडाच्या चुऱ्यानं कचकचतं, ते तिनं टाकून दिलं. दुसऱ्या वाटणाचा ठेचा असला जाळ झाला, की जोतीराम भाकरी खाताना नाक पुसत राहिला. हात धुऊन त्यानं पुन्हा छिन्नी उचलली.

"कडा तेवढ्या गुळगुळीत ऱ्हायल्यात. त्याबी टोचतो."

सुलाबाईनं छिन्नी त्याच्या हातातून काढून घेतली.

"ऱ्हाऊ द्या. मधला आईचा हाय. कडंचा तुमचा."