होणाऱ्या सासऱ्याचं ऑडिट

नेमसिंग बी. कॉम. झाला आणि बोरी अरबजवळच्या त्याच्या तांड्यात पहिला प्रश्न निघाला तो हा, की पोरगा झाला तरी काय? डॉक्टर झाला असता तर लोकांनी नाडी बघायला हात पुढे केले असते. वकील झाला असता तर कोर्टाचे कागद आणून दाखवले असते. मास्तर झाला असता तर आपापली पोरं त्याच्या गळ्यात बांधून सगळे शेतावर मोकळे झाले असते. पण कॉमर्स? त्याची आई रामीबाई दारव्ह्याच्या बाजारात मोठ्या तोऱ्यानं सांगत सुटली, की माझा लेक नागपूरला चार वर्षं हिशेब शिकून आला. तिथली मिरच्या विकणारी बाई म्हणाली, "चार वर्षं? मी त एका सकाळीच शिकली होती बाप्पा." रामीबाई घरी आली ती फुगूनच. लेकाच्या ताटात भाकर आपटली.

नेमसिंगला त्याचं काही वाटलं नाही. तो मुळातच आडमुठ्या स्वभावाचा. कुणी नाही म्हटलं की त्याला जास्त भूक लागायची.

शाळेत असताना तो दारव्ह्याच्या एका जिनिंगमध्ये मुनीमजींच्या हाताखाली किर्द-खतावणी लिहायला बसायचा. त्या कामाची त्याला अशी गोडी लागली, की साल छप्पन्नमध्ये मॅट्रिक होताच गडी छोट्या रेल्वेनं मूर्तिजापूरला गेला आणि तिथून गाडी बदलून थेट नागपूरला. कॉमर्सच्या वर्गात तांड्यावरचा तो एकटाच. पहिल्याच चाचणीत त्यानं भोपळा मिळवला. का, तर मुनीमजींच्या देशी पद्धतीत माणसाच्या खात्यावर जमा लिहायची डावीकडे आणि नावे टाकायचं उजवीकडे. कॉलेजातली इंग्रजी पद्धत बरोबर याच्या उलट. नेमसिंगनं सगळा पेपर मुनीमजींच्या हातानं लिहिला.

दुसरा कुणी असता तर मान खाली घालून बसला असता. हा उभा राहिला. म्हणाला, सर, दोन्हीकडची बेरीज जुळते ना? प्राध्यापक म्हणाले, जुळते. मग एका पैशाची चूक नाही तर माझे मार्क गेले कुठं? वर्ग हसला. प्राध्यापक म्हणाले, अरे, गाडी तू झकास हाकतोस, पण रस्त्याच्या उलट्या बाजूनं. समोरून येणारा आदळेल ना तुझ्यावर. त्यावर हा म्हणतो कसा, की मग समोरच्यालाही एकदा विचारून बघा, सर. मार्क काही मिळाले नाहीत. पण तेव्हापासून प्राध्यापकांचा त्याच्यावर जीव जडला. हिशेब तपासणीचा विषय तेच शिकवायचे. शिकवता शिकवता ते म्हणायचे, की ऑडिटर हा पाहुणा नसतो. ज्याच्या वह्या बघायच्या, त्याच्या ताटावर बसू नये. बाकीच्यांनी ते परीक्षेपुरतं पाठ केलं. नेमसिंगनं ते खरं मानलं, आणि पुढचं सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.

पदवी झाली तेव्हा बरोबरीचे कुठं कुठं गेले. कुणी बँकेत चिकटला, कुणी विम्याच्या कचेरीत, एक जण इन्कमटॅक्समध्ये. नागपूरच्याच एका पैसेवाल्या घरचा पोरगा सीए व्हायला एका मोठ्या साहेबाच्या हाताखाली गेला. तिथं राबायचं आपण आणि वर पैसेही आपणच भरायचे, म्हणून ती वाट नेमसिंगची नव्हती. दारव्ह्याच्या एका व्यापाऱ्यानं त्याला बोलावून घेतलं, पगारही चांगला सांगितला, आणि हळूच विचारलं, की दोन वह्या लिहिता येतात ना, एक आपली आणि एक सरकारची? नेमसिंग म्हणाला, येतात; पण मग दोन्हींवर तुमची सही लागेल. व्यापाऱ्यानं चहा पाजून त्याला वाटेला लावलं.

शेवटी तो सहकार खात्यात सब-ऑडिटर झाला. गावोगावच्या सोसायट्यांचे हिशेब तपासायचे, शेरा लिहायचा आणि साहेबाकडे यवतमाळला धाडायचा. नेमणूक मिळाली घाटंजीला. आता रामीबाईला बाजारात सांगायला शब्द मिळाला. आडिटर! शब्दाचा अर्थ तिलाही ठाऊक नव्हता, पण मिरचीवालीलाही नव्हता, त्यामुळे जमून गेलं.

नोकरी लागली तशी सोयरीक आली. घाटंजीकडच्या एका मोठ्या तांड्याचा नायक, म्हणजे प्रमुख, देवसिंग; त्याची मुलगी हंसा. दोन्हीकडच्या पंचांसमोर गूळ वाटला, सगाई झाली, उन्हाळ्यात लग्न ठरलं. हंसाला त्यानं सगाईत लांबूनच पाहिलं होतं. तिनं मात्र नजर खाली न घालता त्याला वरपासून खालपर्यंत नीट पाहून घेतलं, हे त्याला आवडलं होतं.

आणि त्याच हिवाळ्यात त्याच्या कामाच्या यादीत देवसिंग नायकाची सोसायटी आली. नायकच तिचा चेअरमन.

नेमसिंगनं लगेच यवतमाळला लिहून कळवलं, की चेअरमन माझे होणारे सासरे आहेत, दुसरा माणूस पाठवा. साहेबांचं उत्तर आलं, की दुसरा माणूस नाही, जागा रिकाम्या आहेत. आणि गूळ खाल्ल्यानं नातं होतं असं खात्याच्या नियमांत कुठं दिलेलं नाही. लग्नानंतर बघू. झालं. नेमसिंगनं सायकलला पिशवी अडकवली, पिशवीत ज्वारीच्या भाकरी, ठेचा आणि कांदा बांधून घेतला, आणि निघाला सासऱ्याचं ऑडिट करायला.

तांड्यात नुसती धांदल. नायकाच्या दारात गेरूनं रंगवलेली भिंत, समोर अंथरलेली घोंगडी, आणि खुंट्याला बांधलेला एक काळा बोकड. येणारा माणूस जावईही आणि ऑडिटरही. म्हणजे बोकडाच्या रक्त-मटणाच्या सळोईचा बेत पक्का. नेमसिंगनं रामराम केला, पाण्याचा तांब्या पुढे आला तो नमस्कार करून बाजूला ठेवला आणि सोसायटीच्या खोलीत जाऊन वह्या मागितल्या. दुपारी उठला, विहिरीवर गेला, स्वतः पाणी शेंदून प्याला आणि पळसाखाली बसून आपली भाकर खाल्ली.

नायकाला पहिल्या दिवशी वाटलं, जावई लाजून राह्यला. दुसऱ्या दिवशी त्यानं बायकोला, धनीबाईला, दूध घेऊन पाठवलं. धनीबाईनं लाडानं विचारलं, नुसतं दूधच तर आहे, दुधाला काय ऑडिट लागतं? नेमसिंगनं हात जोडले. मग तांड्याचा कारभारी आला आणि समजावू लागला, की आजवर आलेल्या एकाही साहेबानं ताट नाकारलं नाही. एकानं तर उरलेलं बांधूनही नेलं. तोवर अख्ख्या तांड्यात कुजबुज. नायकाच्या दारचं पाणी न पिणारा माणूस म्हणजे एक तर वैरी, नाहीतर वाळीत टाकलेला. हा तिसराच प्रकार कुणी पाहिला नव्हता.

तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरीनं, फुलसिंगनं, त्याला आपलं मानून समजुतीचं सांगितलं. साहेब, कायले भिता? बोकडाचा खर्च नायकाच्या डोक्यावर नसतो काही. दरसाल सोसायटीच्या किरकोळ खर्चात टाकतो आपण. हे बघा ना, यंदाचाही टाकून ठेवला. आणि फुलसिंगनं मोठ्या कौतुकानं किर्दीवर बोट ठेवलं. ऑडिटर साहेबांचा पाहुणचार, बोकड एक.

खिडकीतून बोकडाचा आवाज आला. नेमसिंगनं बाहेर पाहिलं, वहीत पाहिलं, पुन्हा बाहेर पाहिलं.

"फुलसिंग, तिथं तो कडबा खाऊन राह्यला, अन् इथं म्या त्याले खाऊन ढेकर देल्ला?"

फुलसिंगला हसू आवरेना. पण नेमसिंग हसला नाही. त्यानं सांगितलं, की ही रक्कम गल्ल्यात परत भरा. आणि मागच्या सगळ्या साहेबांच्या बोकडांचाही आक्षेप मी शेऱ्यात लिहिणार आहे.

ही बातमी खोलीतून दारापर्यंत पोचायला कितीसा वेळ लागणार? नायकानं तिथल्या तिथं चार म्हाताऱ्यांना बोलावून घोंगडीवर बसवलं आणि नेमसिंगला पुढ्यात उभं केलं. बायका दारादारांत येऊन थांबल्या. नायकाचा संताप खोटा नव्हता. पाहुण्याला जेवू घालणं ही त्याच्या बापाची, आजाची रीत. ती कुणी चोरी म्हणून लिहील, असं त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

"माह्या दारचं पाणी तुले कडू लागलं," नायक म्हणाला, "अन् आता माह्यावरच कलम लावतं? आत्ताच्या आत्ता ते खोडून टाक अन् पंगतीले बस. नाई तर सगाई मोडली असं समज."

 दाराशी हंसा उभी होती, हे नेमसिंगला न बघताही कळत होतं. हे लग्न त्याला हवं होतं. एक ओळ खोडली असती तर यवतमाळच्या साहेबाला सात जन्मांत पत्ता लागला नसता, आणि त्याचे बरोबरीचे बँकेतले, विम्यातले सगळे म्हणाले असते, अरे वेड्या, बोकड खा आणि बायको घेऊन घरी जा.

"नायक, बोकड तुमचा असता त मी लग्नात दोन ताटं खाल्ले असते," तो म्हणाला. "पण हा सोसायटीचा हाय. शेअरच्या वहीत अंगठा हाय त्या जमनीबुढीनं पोटाले चिमटा घेऊन शेअर घेतला, तिचाबी हाय. तिले बोलावलं होतं का पंगतीले? तिचं खाऊन मी खोडणार नाई. सगाई मोडाची त मोडा."

जमनीबुढी तिथंच एका कोपऱ्यात बसली होती. आपलं नाव निघालेलं ऐकून ती हात उंचावून म्हणाली, की मला तर आजवर सुरवादेखील मिळाला नाही. दोन-चार बायका हसल्या. त्या हसण्यानं नायक अजूनच पेटला. त्यानं पंचांकडे वळून सांगितलं, ऐका, सगाई मोडली.

तेवढ्यात हंसा दारातून बाहेर आली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि सरळ पंचांच्या समोर येऊन थांबली. धनीबाई मागून नाव घेऊन हाका मारत राहिली.

"मी नाई मोडत," हंसा म्हणाली.

"तुले कोणं विचारलं?"

"कोणीच नाई विचारलं, बा. म्हून त सांगून राह्यली. तो जेवाले नाई म्हणते, लग्नाले कुठं नाई म्हणते? उद्या त्याच्या घरी मी भाकर थापीन, त ती कोणाची हाय हे मले तरी माहीत राहीन."

घोंगडीवरचे म्हातारे एकमेकांकडे पाहू लागले. नायकाच्या पोरीला गप्प बस म्हणायची त्यांची छाती नव्हती. तो मान नायकाचा.  शेवटी सगळ्यात वयस्क होता तो खोकला आणि म्हणाला, की गूळ दोन्ही बाजूंनी खाल्लेला आहे. पोरगी मोडत नाही, पोरगा मोडत नाही, मग देवसिंग, तू एकटा कसा मोडशील?

नायकानं मिशीवरून हात फिरवला. मग उठला, आत गेला, आणि बाहेर येऊन फुलसिंगच्या हातात पैसे कोंबले. बोकड माझा, म्हणाला, गल्ल्यात भर. नेमसिंगकडे त्यानं पाहिलंही नाही.

कुणाला वाटलं असेल, की आता हा मऊ पडेल. छे. नेमसिंग परत खोलीत गेला, भरलेल्या पैशाची पावती फाडायला लावली, आणि मागच्या वर्षांचे सगळे बोकड एकेक करून शेऱ्यात लिहिले. हंसा त्याच्या बाजूनं उभी राहिली म्हणून काही त्यानं एकही बोकड सोडला नाही. उलट तिच्यासाठीच अक्षर जरा वळणदार काढलं, असं म्हणतात. जाताना पुन्हा विहिरीवर गेला, पाणी शेंदलं, प्याला. पलीकडच्या काठावर हंसा घागर भरत होती. तिनं त्याच्याकडे बघून आपला दोर त्याच्या दोराशेजारी टाकला.

लग्न उन्हाळ्यात झालंच. नायकानं मांडव घातला, वाजंत्री आणली, जावयाला हातानं वाढलं आणि त्याच्याशी एक शब्दही बोलला नाही. ताट वाढता वाढता तो फक्त बोकड कुठून विकत घेतला ते मोठ्यानं सगळ्या पंगतीला सांगत होता. नेमसिंगनं दोन ताटं खाल्ली.

पुढच्या वर्षी यवतमाळच्या कचेरीत एकाच टपालात दोन अर्ज पोचले. एक चेअरमन देवसिंग नायकाचा, की कृपा करून नेमसिंगला आमच्या सोसायटीवर पाठवू नये. दुसरा नेमसिंगचा, अगदी तोच. साहेबांनी दोन्ही मंजूर केले. सासऱ्या-जावयाचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं, आणि हंसाबाई ते सांगताना पदर तोंडाला लावून हसायची.