शाखाभेद आणि लाल पेन

श्रीगजाननास आणि वाग्देवतेस वंदन करून आज वसंतपंचमीच्या दिवशी ही स्मृती लिहावयास घेतो. विद्येच्या पूजनाचा हा दिवस, आणि प्रसंगही विद्येचाच; गेल्या मार्गशीर्षात पिंप्राळ्याच्या आमच्या घरी घडलेला.

माझी नातसून माहेरची धुळ्याची. तिच्या वडिलांनी तेथील शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवले. तीही त्यांच्याच वर्गात शिकली. म्हणजे घरी ‘नाना’ आणि शाळेत ‘सर’. लग्न होऊन इकडे आल्यावर घरबसल्या इंग्रजी मजकूर तपासण्याचे काम मिळावे म्हणून ती फार खटपट करीत होती. अखेर अमेरिकेतील मुलांची पुस्तके काढणाऱ्या एका कंपनीने तिला परीक्षेदाखल एक धडा तपासावयास दिला. तो त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पाठवायचा होता. पसंत पडला, तरच काम.

नेमके त्याच दिवशी नाना भरीत खायला आले. ती गच्चीवर पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, जाळावर वांगी भाजत होती, आणि तपासून झालेली छापील पाने खाली टेबलावर होती. शिक्षकाचाच हात तो. खिशातले लाल पेन आपोआप बाहेर आले. ती परात घेऊन उतरली तोवर पाने जास्वंदीसारखी फुलली होती.

“हाई बठ्ठं चुकेल शे, पोरी!” रागात आणि लाडात त्यांच्या तोंडी गावची अहिराणी येते. “कलरमधला यू कुठे गेला? आणि ‘अँड’च्या आधी स्वल्पविराम? हेच शिकवलं का मी तुला?”

“नाना, तुमचं ब्रिटिश वळण. त्यांच्याकडे असंच लिहितात. त्यांनी नियम पाठवलेत.”

“नियम कंपनी करणार? इंग्रजी काय तिच्या बापाची शे?”

“तिथली मुलंही शाळेत हेच शिकतात.”

“म्हणजे मुलंही चुकीचंच शिकतात!”

ती ओढणीला हात पुसून लॅपटॉपपुढे बसली आणि त्यांच्या एकेका खुणेप्रमाणे मजकूर बदलू लागली. तिला ते पटले नव्हते, हे तिच्या घट्ट मिटलेल्या ओठांवरून कळत होते. परंतु नानांनी लाल शाईने लिहिलेले खोडावे, हे तिच्या हाताला ठाऊकच नव्हते. असा धडा परत गेला तर काम गेले, हे मलाही उमगले.

मी वेदपाठशाळेत शिकलेला; माझे इंग्रजी बेताचे. त्यामुळे वादात पक्ष घेण्याची पात्रता नव्हती. कुतूहल मात्र अनावर झाले. मी विचारले, “सर, हा ‘अँड’ म्हणजे आमच्या संस्कृतातला ‘च’च ना? तो आम्ही एकदाच शेवटी म्हणतो, नाहीतर प्रत्येक नावामागे म्हणतो. कोणी हरकत घेत नाही.”

नानांनी मोठ्या उत्साहाने समजावले. स्वल्पविरामाचे सांगून झाल्यावर पूर्णविराम अवतरणचिन्हाच्या आत असावा की बाहेर, यावरचे तंटे सांगितले. जुन्या पोथ्यांत शब्दांमध्ये मोकळी जागाही न सोडणारे आमचे लेखक मला आठवले. एवढ्याशा बिंदूसाठी विद्वानांनी इतके पोटतिडकीने भांडावे, याचे मला नवल वाटले. आणि लगेच पाठशाळा आठवली.

मी ऋग्वेदी, शेजारी बसणारा सोबती यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेचा. एकच सूक्त, पण मी जेथे ‘ष’ म्हणे तेथे तो ‘ख’ म्हणे. त्याची जीभ आळशी आहे, अशी माझी खात्री होती. आमच्या गुरुजींनी मात्र मला त्याला सुधारू दिले नाही, आणि त्यालाही माझ्यासारखे म्हणू दिले नाही; दोन्ही आपापल्या शाखेत शुद्धच. आजही संस्काराला बसण्यापूर्वी यजमानाचे गोत्र आणि शाखा विचारतात. उपाध्याय कोणत्याही शाखेचा असो, कर्म यजमानाच्या शाखेने चालते.

हे सारे सांगून मी विचारले, “सर, या लेखनाचे यजमान कोण?”

“कोण म्हणजे?”

“वाचणार कोण?”

“अमेरिकेतली पोरं.” त्यांनी पेन खाली ठेवले. “आबा, बरोबर पेचात धरलं तुम्ही.”

त्यांनी परात ओढून वांग्यांची साल काढायला घेतली. मग मुलीकडे न पाहताच म्हणाले, “किती बदललंस?”

“दोन पानं.”

“पहिल्यासारखं कर.”

“पटलं तुम्हाला?”

“पटलं कुठे? पण या कामाचे यजमान ती पोरं शेतस ना!”

वेळ थोडा उरला होता. पुन्हा सगळे पडताळणे भाग होते. तेव्हा नाना स्वतःच म्हणाले, “तू नियम वाच, मी पानं धरतो.” वेदाची संथा अशीच असते, गुरूने एकदा म्हणायचे, शिष्याने दोनदा. त्या दुपारी लेक एकेक नियम म्हणत होती, बाप तो पुन्हा म्हणून पानात शोधत होता. एकदा सवयीने त्यांचे पेन त्या स्वल्पविरामाकडे वळले.

“नाना, पुन्हा म्हणा!” ती थेट त्यांच्याच वर्गातल्या आवाजात म्हणाली.

ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. पुढे एका वाक्यात एक शब्दच गळलेला त्यांना सापडला. “ही तरी सगळ्या शाखांत चूक ना?” त्यांनी मला विचारले. चुकलेले सापडल्याचे असे समाधान मी क्वचितच पाहिले आहे.

दिवेलागणीपूर्वी धडा गेला. भरीत गार झाले होते, तरी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्यांबरोबर ते सर्वांनी मागून मागून खाल्ले. पुढे ते काम तिला मिळाले. धुळ्यात नाना शिकवणीच्या मुलांच्या वह्यांतला तो स्वल्पविराम अजूनही खोडतात, आणि ते योग्यच आहे. तेथले यजमान निराळे. लेकीला मात्र फोनवर विचारतात, “आज कोणत्या शाखेचं काम शे?”

वाचकहो, आपल्या घरी शारदेचा वास असो. लेकीबाळींच्या विद्येला मान मिळो, वडीलधाऱ्यांच्या विद्येचा मान राहो, आणि वाद झालेच तर ते जेवणाच्या पानापर्यंत मिटोत, ही श्रीचरणी प्रार्थना.