सातभाईंची वेणीफणी

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा माझे केस मोकळे होते. दुपारचा चहा आटोपून मी फणी घेऊन खिडकीपाशी बसले होते. भाच्याचा आवाज आला, “आत्या, आई गेली... झोपेतच.” मी “बरं” म्हटलं. अशा वेळी माणूस काय वाट्टेल ते बोलतं. केसांची कशीबशी गाठ मारली आणि घाटकोपरहून मुलुंडला गेले. माझं ते ध्यान बघून घरातल्या पोरींना वाटलं, आत्याला दुःखाने सुचेनासं झालंय. दुःख होतंच. पण त्या वेळी केस मोकळे असण्याचं कारण फार जुनं आहे, आणि ते माहीत असलेलं माझ्याशिवाय आता कोणी उरलेलं नाही. म्हणून हे लिहायला बसले.

पन्नास सालानंतरची ती पहिली वर्षं. मुलुंड म्हणजे पूर्वेला मिठागरं, पश्चिमेला डोंगर आणि मध्ये आखीव रस्त्यांवरची बैठी घरं. आमच्या घरात आई, फोर्टातल्या एका कचेरीत कारकून असलेला भास्करदादा, आणि मॅट्रिक होऊन लग्नाची वाट बघत बसलेली मी. वडील आधीच गेले होते. दादाचं लग्न झालं आणि मालवणजवळच्या एका गावातून कुसुमवहिनी आली. बोलताना तिच्या तोंडून ‘खय’ निघालं की आई म्हणायची, “कुठे म्हण गं, कुठे.” आई स्वतः राजापूरची, पण मुंबईत थोडी वर्षं काढली की माणसाला दुसऱ्याची बोली गावंढळ वाटायला लागते. वहिनी आईसमोर जपून शुद्ध बोलायची आणि मागच्या पडवीत माझ्याशी मनसोक्त मालवणी. चार वाजता चहा झाला की तिथे आमची वेणीफणी चाले. मी तिचे केस विंचरायची, ती माझे. तिचे केस गुडघ्याला टेकायचे, आणि माझा भांग काढताना ती हटकून म्हणायची, “थांब गो, वाकडो गेलो.” मग पुन्हा पहिल्यापासून.

तिला मुलगी झाली आणि बारशाच्या आतच गेली. सोयर फिटायच्या आधी सुतक आलं. त्या दिवसांत केसांना तेल-फणी लावायची नसते, तशी तिने लावली नाही. सुतक संपलं, घर धुऊन झालं, तरी ती केसांना हात लावू देईना. आई फणी घेऊन गेली तर तिने हात झिडकारला, मी गेले तर मलाही. बोलणं बंद झालं. जेवण म्हणजे पुढ्यात ठेवलं तर दोन घास. बघता बघता मानेमागे केसांचा गुंता झाला, गुंत्याची दोरी झाली, आणि एक दिवस शेजारच्या काकूंनी कुंपणावरून बघून कपाळाला हात लावला. “अगं बाई, हिला जट आली. देवीचं आहे हे. फणी लावू नका, कात्री लावू नका. हात लावील त्याचं वाटोळं होतं.” आईने त्या दिवसापासून वहिनीच्या केसांकडे बघणंसुद्धा सोडलं. दादा संतापला. त्याचा देवीवर विश्वास नव्हता, पण त्याने काढलेला मार्ग मला देवीपेक्षा भयंकर वाटला. तो म्हणाला, “असंच चाललं तर ठाण्याला न्यावं लागेल.” ठाण्याला नेणं म्हणजे काय, हे मुलुंडमध्ये कुणाला फोड करून सांगावं लागत नसे. तिथल्या वेड्यांच्या इस्पितळात गेलेली आमच्या रस्त्यावरची एक बाई पुन्हा कुणाला दिसली नव्हती. घरात एकीकडे देवी, दुसरीकडे ठाणं... आणि मध्ये वहिनी, जिच्या डोक्याला कोणीच हात लावत नव्हतं.

ती सकाळी मागच्या पडवीतल्या बाकड्यावर जाऊन बसे ती दिवे लागेपर्यंत. मी तिच्या शेजारी बसायला लागले. पाखरांसाठी नव्हे, विहीर जवळ होती आणि मला भीती वाटायची. पण बसल्यावर माणूस बघणार तरी काय? मोरीचं सांडपाणी केळीच्या बुंध्याशी साचायचं, आणि परसातली झाडून सगळी पाखरं तिथे आंघोळीला यायची. बुलबुल अंग फुलवून डुबक्या मारी, मग कुंपणावर बसून एकेक पीस मुळापासून टोकापर्यंत चोचीतून ओढून काढी, आपण ओले केस बोटांनी सोडवतो तसं. मध्येच चोच शेपटीच्या बुडाशी नेई आणि पुन्हा पिसांवर फिरवी. वहिनीने त्या जागेकडे नुसतं बोट दाखवलं. तिथे त्यांचं तेल असतं, हे मला पुष्कळ नंतर कळलं. तिने ते नुसतं बघून ओळखलं होतं. काळापांढरा दयाळ स्वच्छतेत आमच्या आईवर गेलेला, एकदा न्हाऊन त्याचं समाधान होत नसे. चिमण्या आधी धुळीत लोळायच्या आणि मग पाण्यात. वहिनी हे सगळं तासन् तास बघे आणि मी तिच्याकडे बघे.

सर्वांत गबाळे सातभाई. मळकट रंग, कर्कश आवाज, सदा कलकल. पण भर दुपारी ते पेरूच्या फांदीवर एकमेकांना खेटून ओळीने बसत. मग त्यातला एक मान खाली घाली, डोक्यावरची पिसं फुलवी आणि डोळे मिटून गप्प राही. की शेजारचा लगेच त्याच्या डोक्यातून, कानामागून, हनुवटीखालून चोच फिरवायला लागे. काम झालं की दुसरा मान घाली. हे बघता बघता एका दुपारी वहिनी बोलली. किती आठवड्यांनी आवाज ऐकला होता तिचा! घोगरा, खोल गेलेला. “बघ गो शरू... सगळ्या अंगाक चोच लागता. आपल्या डोक्याक मातर आपली चोच पोचणा नाय. मान खाली घालूची लागता.”

मी आनंदाने वेडी झाले. दादा संध्याकाळी घरात पाऊल टाकतो न टाकतो तोच धावत गेले, “दादा, वहिनी बोलली!” त्याचा चेहरा उजळला. “काय म्हणाली?” मी सांगितलं आणि तो चेहरा माझ्यासमोर विझत गेला. छत्री खुंटीला लावायची विसरून तो तसाच उभा राहिला. मग म्हणाला, “शरे, माझी बायको स्वतःला चोच आहे म्हणतेय, आणि तू हसतेयस?” मी परोपरीने समजावलं, पण मला जे कळलं होतं ते मलाच नीट सांगता येईना. त्याने त्याच्या ओळखीच्या डॉक्टरांना रविवारी घरी बोलावलं. आईने वहिनीची ट्रंक भरली. लुगडी घडी करताना ती रडत होती, पण भरत होती.

रविवारी जेवणं झाल्यावर दादा डॉक्टरांना आणायला स्टेशनवर गेला. ट्रंक दाराशी होती. मी पडवीच्या दारात उभी होते. वहिनीने ट्रंकेकडे एकदा बघितलं. मग ती बाकड्यावरून उठली, पायरीवर बसली, केस सगळे पुढे घेतले, मान खाली घातली आणि डोळे मिटले. अंग किंचित थरथरत होतं. कुंपणापलीकडून काकू ओरडल्या, “अंगात आलं गं! कुंकू आणा, कुंकू!” आई धावत बाहेर आली, हात जोडून तिच्यासमोर उभी राहिली आणि विचारायला लागली, “कोण आहेस बाई तू? काय पाहिजे तुला?” प्रश्न अगदी बरोबर होता. विचारला मात्र देवीला.

त्या क्षणी मला पेरूची फांदी आठवली. मी आत गेले, तेलाची बाटली आणि फणी घेऊन आले. आई किंचाळली, “शरे, हात लावू नकोस! तुझं लग्न व्हायचंय अजून!” मला भीती वाटली नाही असं मी म्हणणार नाही. जट हाताला काथ्यासारखी लागली आणि अंगावर काटा आला. वहिनी आता हात झिडकारील, असंही वाटलं. पण तिने मान आणखी खाली घातली. मी तेल ओतत राहिले, बोटांनी सोडवत राहिले. मागे आईची पावलं वाजली. वाटलं, ही आता मला दंडाला धरून ओढणार. ती माझ्या शेजारी उकिडवी बसली आणि म्हणाली, “ओढू नकोस अशी. मुळाशी धर... म्हणजे दुखत नाही तिला.” आणि तिने दुसऱ्या बाजूने सोडवायला घेतलं. काकू कुंकवाचा करंडा घेऊन कुंपणाशी आल्या होत्या, त्या तशाच परत गेल्या.

फाटक वाजलं तेव्हा वहिनी रडत होती. लेक गेल्यावर पहिल्यांदाच, मोठ्याने, तोंड न झाकता, तिच्या मालवणीत लेकीला हाका मारत. डॉक्टर पडवीच्या दाराशी थबकले. खेटून बसलेल्या आम्हा तिघींकडे बघून ते दादाला म्हणाले, “यांना रडू द्या. आणि मला जरा चहा द्या.” चहा आम्हाला सुचलाच नाही, दादानेच केला. पाणचट होता म्हणे. ट्रंकही त्यानेच उचलून आत ठेवली. गुंता सुटायला पुढे बरेच दिवस गेले. सुटला नाही तेवढा आईने स्वतः कात्री घेऊन कापला. देवीचा कोप काही झाला नाही. माझं लग्नही झालं. त्यालाच कुणी कोप म्हणत असेल तर गोष्ट वेगळी.

पुढे वहिनीला दोन मुलं झाली, घराची इमारत झाली, आई गेली, दादा गेला. आमच्या दोघींत मात्र एक रीत राहिली. जिचं काही बिनसलं असेल ती येऊन पाटावर बसायची आणि मान खाली घालायची. दुसरीने फणी घ्यायची. काय झालं, हे विचारायचं नाही. माझा नवरा गेला तेव्हा भेटायला आलेल्या बायका धीराचं पुष्कळ बोलल्या. वहिनी आली, तिने तेलाची बाटली शोधली आणि माझ्या मागे बसली. गेल्या दिवाळीत मीही तिचे केस विंचरले, करंगळीएवढी वेणी उरली होती.

आता चार वाजता मी रोज फणी घेऊन खिडकीपाशी बसते. समोरच्या सोसायटीच्या गुलमोहरावर अजून सातभाई येतात. पुढचे केस मला जमतात. मागचा भांग आपला आपल्याला दिसत नाही. हाताच्या अंदाजाने काढते, मान खाली घालते आणि जरा थांबते... वाकडाच जात असणार तो. पण ‘थांब गो’ कुणी म्हणत नाही.