'ब्रॅबल'ला मराठीत काय म्हणतात

मुलगी आठवीत असताना शाळेने तिला एक प्रोजेक्ट दिला. इंग्रजीतला एखादा वापरातून गेलेला शब्द शोधायचा, त्याचा इतिहास लिहायचा आणि पालकांसमोर उभं राहून सांगायचा. आम्ही तेव्हा नुकतेच सौदीत अल-खोबरला आलो होतो. नवरा कंपनीच्या बसने धाहरानला जायचा. मी नाशिकची लॅबमधली नोकरी सोडून आले होते आणि दिवसभर फ्लॅटमध्ये असायचे.

तिने शब्द निवडला 'ब्रॅबल'. बहुधा डच भाषेतून आलेला. आधी त्याचा अर्थ शब्दाचा कीस पाडत हट्टाने वाद घालणं असा होता. मग क्षुल्लक गोष्टीवरून आरडाओरडा करत भांडणं. पुढे 'स्क्वॅबल' जास्त चालू लागला आणि हा मागे पडला.

"आई, मराठीत काय म्हणायचं याला?" तिने जेवताना विचारलं. मग आम्ही तिघं सुटलोच. कुरबुर, कटकट, तंटा, हुज्जत. नवरा म्हणाला, "कचकच. हाच खरा." ती हसत हसत लिहून घेत होती. त्या आठवड्यात आम्ही इतकं हसलो ते तेवढंच.

दोन दिवसांनी टेबल आवरताना तिची वही माझ्या हाती लागली. प्रत्येक अर्थाखाली तिने उदाहरण लिहिलं होतं. पहिल्या अर्थाखाली होतं, 'बाबा म्हणाले, मी आधीच सांगितलं होतं. आई म्हणाली, आधी म्हणजे नक्की कधी?' दुसऱ्याखाली होतं, 'एसी बावीसवर की चोवीसवर, यावरून आई-बाबा तासभर ब्रॅबल करत होते. नंतर आई बाथरूममध्ये रडली.'

मला वाटत होतं, नळाच्या आवाजात ते कुणाला ऐकू जात नाही.

ती शाळेतून आली तशी मी वही तिच्यापुढे आपटली. "घरातलं चव्हाट्यावर मांडतेस? सगळ्या बायका असतील तिथे!"

"इट्स जस्ट अॅन एक्झाम्पल, आई."

"दुसरं एक्झाम्पल नाही सापडलं? फाड ते पान."

तिने फाडलं. रडली नाही, उलट बोलली नाही. माझ्यासमोर बसून दोन दुकानदारांच्या भांडणाचं एक निर्जीव वाक्य लिहिलं आणि विचारलं, "हे चालेल?"

शाळेत आम्ही दुसऱ्या रांगेत बसलो होतो. तिने सगळं नीट सांगितलं, पण पाठ केल्यासारखं. दुकानदारांवर कुणी हसलं नाही. शेवटी बाईंनी कौतुकाने विचारलं, "तुमच्या मातृभाषेत याला काही शब्द आहे का?"

तिने माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच.

"नो, मॅम. वुई डोन्ट हॅव."

माझ्या शेजारी नवरा चुळबुळला. परतताना गाडीत त्याने तिला विचारलं, "अगं, नाही काय म्हणालीस? एवढे शब्द दिले होते आपण!"

"विसरले," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

ती क्लासला गेल्यावर मी नवऱ्याला वहीचं सांगितलं. वाटलं, तो माझ्यावर चिडेल, आणि चिडला असता तर बरंच झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "तू रडलीस, ते मला माहीत नव्हतं."

संध्याकाळी मी तिच्या खोलीत गेले. "माझं चुकलं गं. तू खोटं काहीच लिहिलं नव्हतंस."

ती पटकन म्हणाली, "नाही आई, ते मी मनानेच लिहिलं होतं. तसं काही होत नाही आपल्याकडे." आणि माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली. तेरा वर्षांची पोर मला समजावत होती, आणि मी तिला समजावू दिलं. "खरं होतं ते" एवढंसुद्धा माझ्या तोंडून निघालं नाही.

आता ती पुण्यात शिकते. मी एका दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करते, घरात आवाज कमी चढतात. व्हिडिओ कॉलवर ती हॉस्टेलचं, मेसचं भरभरून सांगते. "तू बरी आहेस ना?" विचारलं की मात्र लगेच म्हणते, "एकदम मस्त." तिचा चेहरा तेव्हा इतका मोकळा दिसतो की पुढे काय विचारावं, ते मला सुचत नाही.