हमिदाची आंबील

हमिदा गेली. माझी लहानपणची मैत्रीण. काल सकाळी, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी.

आणि आज येळवस आहे.

मागच्या आठवड्यात इंग्लंडहून माझ्या नातीनं व्हिडिओ पाठवला. तिचे शेजारी विक्कन आहेत, ऋतूंचे सण पाळणारे. वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी ते शेकोटी पेटवतात, दाराला हिरव्या फांद्या लावतात, जमलेल्यांना जेवू घालतात. आता दिवस मोठा होणार, याचा आनंद.

"आजी, आपल्याकडे असं काही आहे का?"

मी म्हटलं, हमिदाआजीला फोन लाव. तो फोन राहूनच गेला. म्हणून ही पोस्ट.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. ऐन थंडीत अख्खं गाव घराला कुलूप लावून रानात जातं. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, म्हणजे पांडव. भाज्या-शेंगदाणे एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, आणि मडक्यात आंबवलेली ताकाची आंबील. वाटेनं जाणाऱ्यालाही हात धरून जेवायला बसवायचं.

मग चर शिंपायचा. पुढच्यानं पिकात आंबील शिंपत "ओलगे ओलगे" म्हणायचं, मागच्यानं "सालम पलगे" असं उत्तर द्यायचं.
अर्थ मला ठाऊक नाही. आयुष्यभर मराठी शिकवलं, तरी नाही.

आमचं गाव सास्तूरजवळ. हमिदाचे वडील मकबूलचाचा, त्यांचं रान आमच्या रानाला लागून. हैदराबाद संस्थानाच्या विलीनीकरणाच्या धामधुमीत त्यांचा धाकटा भाऊ मारला गेला. तेव्हापासून चाचांनी रानात पाय ठेवला नव्हता. जमीन माझे वडील, आप्पा, बटईनं करायचे.

आम्ही दोघी दहा वर्षांच्या झालो त्या वर्षी चाचांनी रान विकून हैदराबादला जायचं ठरवलं. गिऱ्हाईकही आलं होतं.

हमिदा जाणार म्हणून मी दोन दिवस जेवले नाही.
हमिदा जेवत होती. माझ्या वाटणीचंही.

आप्पांनी चाचांना गळ घातली, शेवटची येळवस तरी करून जा. चाचा आले, पण बांधावरच थांबले.

"तुमीच शिंपा आप्पा. माझं मन न्हाय लागत इथं."

"म्या कसं शिंपू? रान तुमचं हाय," आप्पा म्हणाले. "धन्याच्या हातचंच लागतं त्याला."



हमिदानं आप्पांच्या हातातलं आंबिलीचं गाडगं ओढून घेतलं आणि ज्वारीत शिरली. पोरींनी चर शिंपायची रीत नव्हती. पण तिनं कुणाला विचारलं तर ना.

"ओलगे ओलगे."

मागून उत्तर नाही. मी तोंड उघडलं, तर आप्पांनी माझा खांदा दाबला.

ज्वारी तिच्यापेक्षा उंच. ती दिसत नव्हती, नुसता आवाज पुढं चालला होता. तिसऱ्यांदा तो रडवेला झाला.

तेव्हा चाचांनी बांधावर चपला काढल्या आणि तिच्यामागं ज्वारीत गेले.

"सालम पलगे."

आधी पुटपुटल्यासारखं. मग आम्हाला बांधावर ऐकू येईल इतकं मोठ्यानं.

सगळं रान फिरून आल्यावर चाचा कोपीसमोर बसले आणि भावाचं नाव घेऊन रडले. इतक्या वर्षांत त्यांना रडताना कुणी पाहिलं नव्हतं. आप्पा त्यांचा हात धरून बसून राहिले. मग दोघं पोटभर जेवले.

गिऱ्हाईकाला दुसऱ्याच दिवशी नकार गेला.

हमिदाचं लग्न गावातच झालं. पुढं ते रान तिनंच केलं. त्र्याण्णवच्या भूकंपात घर गेलं, तेव्हाही गाव सोड म्हणणाऱ्यांना तिनं उभं केलं नाही. माझ्याशी भांडली मात्र दर वर्षी, भज्जीत मीठ कमी म्हणून.

काल मी धाराशिवहून पोचले. माती देऊन सगळे परतले. यंदा येळवस नको, असंच घरात ठरत होतं.

तेवढ्यात हमिदाच्या सुनेनं चुलीजवळचं मडकं उघडलं. आंबील. जायच्या आदल्या संध्याकाळी हमिदानंच लावून ठेवलेली. छान आंबली होती.

तिचा मुलगा सलीम पुढं आला आणि त्यानं मडक्यावर झाकण ठेवलं.

"मावशी, अम्मीच्या हातची हाय. वाया कशी घालवू? उद्या जाऊ रानात."

गाडी दारात आलीय. मडकं माझ्या मांडीवर आहे.

हमिदा, आम्ही निघालो गं. तू आता निवांत नीज.