रविकांतचा मोकळा किनारा

"माणूस नको होतो माका फोटोत. माणूस इलो काय जागा मरता, असा माजा म्हणणा. एक बाई टोपली घेवन चलत गेली तरी मी बटण दाबीत नाय होतंय."

"आणि ती बाई थयच बसली तर?"

"तर मी पण बसायचंय. ती कटाळून उठान जाय. मी उठत नाय होतंय."

रविकांत हे सांगत होता वेंगुर्ल्याच्या बाजारातल्या आपल्या फोटोच्या दुकानात, लेन्सची काच पुसता पुसता. खाऱ्या हवेनं लेन्सच्या आतून बुरशी धरते. ती बाहेरून पुसून जात नाही हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक, पण हात चालूच. दुकान म्हणजे एक खोली. पुढे टेबल, मागे निळा पडदा, पडद्यापुढे स्टूल. भिंतींवर मात्र विजयदुर्गापासून रेडीपर्यंतचा सगळा किनारा टांगलेला. खाड्या, कातळाचे उघडे सडे, वाळू, समुद्रात घुसलेले खडकांचे खडप. आणि सगळ्या फोटोंत मिळून माणूस सोडाच, कुत्र्याचं शेपूटसुद्धा नाही.

गडी शिरोड्याच्या अलीकडच्या गावातला. बापाचं भुसाराचं दुकान होतं, त्या गादीवर हा बसायचा होता. पण बोटीवर कामाला असलेल्या चुलत्यानं एकदा परदेशातून कॅमेरा आणला, आणि याचं सगळं फिसकटलं. मग स्कूटर आली. मागे तीन पायांचा स्टँड आडवा बांधायचा, पुढे पाण्याची बाटली आणि फडक्यात गुंडाळलेल्या भाकऱ्या. संध्याकाळ पडेल त्या गावच्या देवळात पथारी. कोकण रेल्वेच्या नांदगाव स्टेशनात एकदा गाडी क्रॉसिंगला थांबली, डोंगरावर धुकं बसलेलं दिसलं, हा कॅमेरा घेऊन उतरला. गाडी याचा जेवणाचा डबा आणि चादर घेऊन पुढे गेली. "फोटो बरो इलो," एवढंच तो त्याबद्दल सांगतो.

सड्यावर श्रावणात फुलं आली की तिकडे. एकदा एक गुराखी बरोबर फुलांच्या मधोमध उभा राहिला. रविकांतनं हात करून त्याला बाजूला व्हायला सांगितलं. तो झाला. मग गुरं आली. ती हाकायला लावली. शेवटी गुराखी जवळ येऊन म्हणाला, "मेल्या, आमचो काय ईटाळ जाता काय तुका?"

घरातही तेच. पुतण्याच्या लग्नात कॅमेरा याच्या हातात दिला, आणि याच्या रोलात निघाला मांडवामागचा माड. याची बायको प्रेमलता अजून तो माड विसरलेली नाही. "व्हकल सजान उभी, आणि तुमका माड बरो दिसलो. माडाकच घालूची होती माळ." व्हकल म्हणजे नवरी. नवरीकडच्यांनी दुसरा फोटोवाला आणला होता म्हणून निभावलं.

या रिकाम्या फोटोंना मात्र मागणी होती. मुंबईचे छापखानेवाले कॅलेंडरांना घेत. हॉटेलवाले घेत. त्यातला सगळ्यात जास्त छापला गेलेला फोटो त्याच्या स्वतःच्या गावच्या किनाऱ्याचा. पहाटेचा ओला किनारा, एका बाजूला वाकलेले माड, पाणी तांब्याच्या रंगाचं, आणि कोणी नाही.

आता या किनाऱ्यावर खरं तर पहाटे पाय ठेवायला जागा नसायची. तिथे सत्यवानाची रापण लागायची. रापण म्हणजे काठावरून ओढायचं मोठं जाळं. होडी ते समुद्रात अर्धवर्तुळात सोडून येते, आणि दोन टोकांचे दोर घेऊन वाडीतली बाया-माणसं ते काठाला ओढतात. सत्यवान त्यांचा म्होरक्या, आणि त्याची बायको सुगंधा मासळीचे वाटे घालणारी.

रविकांत अंधारात जाऊन स्टँड लावायचा आणि हाक मारायचा, "सत्यवाना, होडी जरा पलीकडे घेतलंस तर?"

"पलीकडे खंय, गोव्याक?" सत्यवान म्हणायचा. पण घ्यायचा. होडी सरकवायची म्हणजे सगळ्यांनी खांदे लावायचे. बाया आपल्या टोपल्या उचलायच्या. जाळं उचललं जायचं. मग सगळी वाडी रविकांतच्या पाठीमागे बिड्या ओढत उभी, आणि पुढे मोकळा किनारा.

ऊन वर आलं की फोटोचं काम संपलं. मग होडी जाळं सोडून यायची आणि दोर काठाला यायचा. रापणीची रीत अशी की दोराला हात लावील त्याला वाटा. वाटेनं जाणाऱ्यानंही ओढलं तर त्याच्या हातावर मूठभर तारली मासळी पडणार. आणि दोर ओढला जात असताना धडधाकट माणूस हात बांधून उभा राहिला, तर त्याची सात पिढ्यांची लाज निघते. रविकांत कॅमेरा पिशवीत घालायचा, लेंगा वर खोचायचा आणि ओढायला लागायचा. घरी जाताना एका खांद्याला कॅमेरा, हातात मासे.

मग किनाऱ्यामागची माडांची बाग विकली गेली. मालक मुंबईला, घेणारा कुठचा तरी लांबचा. त्याची माणसं आली आणि बागेबरोबर वाळूही आपलीच समजून भरतीच्या रेषेपर्यंत खांब रोवायला लागली. होडी ठेवायची, जाळं सुकवायची जागा सगळी आत. वाडीनं अडवलं, अर्ज केला. जागा बघायला सरकारी माणूस येणार असं ठरलं, आणि तोंडी निरोप आला की इथे पूर्वीपासून रापण लागते याचा जुना काही पुरावा असला तर दाखवा.

सुगंधा तशीच मासळीची टोपली घेऊन या दुकानात आली.

"भावजीनू, तुमच्याकडे आमच्या दर्याचे गाडीभर फोटो आसत. त्यातलो एक काढा. होडी दिसूक व्हयी, जाळा दिसूक व्हया, आमी दिसूक व्हये. बाकी काय नको."

रविकांतनं खोकी उतरवली. निगेटिव्ह उजेडात धरून बघितली, जुन्या सीडी लावल्या. प्रेमलता पण येऊन बसली. पहाट, वाळू, पाणी. पाणी, वाळू, पहाट. एका फोटोत वाळूवर एक लांब चर दिसला.

"ह्या काय?" सुगंधानं विचारलं.

"होडी ओढल्याचो वळ."

"वळ दाखवून काय सांगू सायबाक? हयसर सुसर इल्ली?" तिनं पुढचं खोकं ओढलं. "बरा, ओढताना तरी एखादो काढलेलो असतलो."

"ओढताना मी ओढी होतंय गो."

सुगंधानं टोपली उचलली. हे तिला ठाऊक होतंच. त्याच्या हातावर तारली तिनंच घातली होती.

साहेब आला तो भला माणूस होता. सावलीत खुर्ची दिली तरी उभाच राहिला, सगळ्यांचं ऐकून घेतलं. घेणाऱ्याच्या मॅनेजरनं मग एक गुळगुळीत पुस्तक उघडलं. पानभर तोच मोकळ्या किनाऱ्याचा फोटो. खाली कोपऱ्यात रविकांतचं नाव.

"हा फोटो तुमचाच?" साहेबानं विचारलं.

"माझाच. पण साहेब, होडी मीच बाजूला करायला लावली होती."

"म्हणजे होडी होती."

"होती ना. रोज असायची."

"आणि माणसं?"

"ती पण होती."

"यातल्या एखाद्या फोटोत दाखवता येतील?"

रविकांतनं पुस्तक मिटलं. सत्यवानच पुढे झाला. "सायबानू, ह्यो फोटो काढलो तेवा आमी सगळे ह्येच्या पाठीमागे उभे होतंव."

मॅनेजर हसला. साहेब हसला नाही, त्यानं तेही लिहून घेतलं. पण लिहून घेतल्यानं कुंपण थांबलं नाही. आता तिथे तारेची जाळी आहे, आत हिरवळ लावली आहे आणि हॉटेलचं काम जवळजवळ होत आलंय.

रापण खडपापलीकडे न्यावी लागली. तिथे खाली दगड. जाळं फाटायचं, दुरुस्त होईपर्यंत मोसम निघून जायचा. ओढणारे हात कमी झाले. काही गोव्याला गेले, काही दुसऱ्यांच्या ट्रॉलरवर चढले. आता जाळं सत्यवानाच्या घरापुढच्या खळ्यात पडलंय आणि त्यात कोंबड्या अंडी घालतात.

"सुगंधा येता काय हयसर?" मी विचारलं.

"येता. बाजाराक इली काय टोपली पायरीर ठेवन पाणी पिता. प्रेमलतेची चौकशी करता." रविकांतनं लेन्स डोळ्यापुढे धरली. "पयली ती माका कशी धारेर धरी होती, म्हायत आसा ना? आता एक शब्द नाय. आयमायवरून शिये घातल्यान असते तर बरा वाटला असता."

"आणि सत्यवान?"

"तो मानेन बोलता."

"फोटोक खंय जातंस काय मगे?"

"नाय. स्कूटर झिलाक दिलंय." झील म्हणजे मुलगा.

तेवढ्यात दारात एक जवान पोरगा येऊन उभा राहिला. अंगात इस्त्रीचा शर्ट, पायात वहाणा. सत्यवानाचा अजय. त्यानं मला मान हलवून ओळख दिली.

"काका, पासपोर्ट साइज व्हये. आज मिळतले?"

"कशाक?"

"हॉटेलात बाग बघूक माणूस व्हयो आसा. फोटो मागितल्यानी."

"आमच्या दर्यावरल्या?"

"थयल्याच."

रविकांतनं लेन्सला टोपण घातलं. "बापाशीक म्हायत आसा?"

"आवशीन धाडल्यान. बापूस बोलता खंय? काय बोललो नाय, म्हणजे म्हायत आसा."

"बस."

अजय निळ्या पडद्यापुढे स्टुलावर बसला आणि त्यानं गळ्याजवळची गुंडी लावली. रविकांतनं दिवे लावले, एक दिवा थोडा मागे सरकवला. जवळ जाऊन पोराची हनवटी दोन बोटांनी खाली केली, खांद्यावरचा शर्ट ओढून सरळ केला. मग कॅमेऱ्यामागे गेला.

"खांदे सैल सोड. माज्याकडे बग."

दिवा चमकला.

"डोळे मिटलंस रे. परत बस."