साहेबांच्या केबिनमधली हवा

चार जण जमले की कुणीतरी म्हणतंच, "साहेबांचा तो किस्सा सांग ना!" कुठला सांगू? एका संशोधनात इतके किस्से निघाले की खुद्द संशोधनाला जागाच उरली नाही.

नव्वदच्या आसपास मी जळगावच्या एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन होतो. शेजारी गंधक जाळणारा कारखाना. मागच्या वस्तीतली तान्ही बाळं धापा टाकत वॉर्डात यायची. हवेत गंधकाचा वायू सापडला, तर त्या धुराड्याचा बंदोबस्त होणार होता. शोध लावणार कोण? दवाखान्याचे मोठे डॉक्टर, आमचे साहेब!

*

पहिला पराक्रम फॉर्मचा. गिरणी कामगारांच्या तपासणीचे जुने फॉर्म उरले होते, तेच साहेबांनी बाळांना लावले. त्यात रकाना : विडी-तंबाखूचं व्यसन. वर दम, "एकही रकाना रिकामा नको!"

वॉर्डच्या सिस्टर, आमच्या अक्का, त्यांनी प्रत्येक बाळापुढे लिहिलं, "व्यसन : दूध."

साहेबांनी न वाचता सगळ्यांवर सह्या ठोकल्या.

*

मग मशीन आलं. ते हवा ओढून बाटलीतल्या पाण्यातून सोडायचं. नंतर त्यात औषध टाकायचं. वायू असला तर पाणी जांभळं. मशीन ठेवायचं होतं वस्तीकडच्या ओट्यावर. "छे! धूळ बसेल!" म्हणत साहेबांनी ते स्वतःच्या एसी केबिनमध्ये ठेवलं.

दोन वर्षं पाणी पाण्यासारखंच राहिलं.

*

एकदा एक बाई मूल छातीशी धरून थेट केबिनमध्ये शिरली. "साहेब, वास उना का मन्हा पोऱ्या धापा टाकस. तुम्हनं मशीन काय म्हनस?"

"हवा स्वच्छ आहे म्हणतं."

"मंग पोऱ्याले आठेच, तुम्हना केबिनमा ठेवा!"

साहेबांनी तिला बाहेर काढलं. त्या माणसाची मला आजही चीड येते.

*

धुळ्याला, देवपूरच्या एका कॉलेजातल्या परिषदेत साहेबांनी या संशोधनावर निबंध वाचला. कुणीतरी विचारलं, "बाळं किती तपासली?"

"बाळं फार रडतात हो. म्हणून मशीनवर भर दिला."

वर टाळ्या पडल्या!

*

अहवाल पाठवायच्या आठवड्यातच साहेबांची मुलगी आमच्याकडे बाळंत झाली. तिसऱ्या दिवशी वारा फिरला आणि नातू धापा टाकू लागला. साहेब ओरडले, "पाळणा माझ्या केबिनमध्ये आणा! खिडक्या लावा! ते मशीन काढा बाहेर!"

मशीन ओट्यावर गेलं. अक्कांनी गुपचूप बटण दाबलं. दुसऱ्या दिवशी मी बाटलीत औषध टाकलं, तर पाणी पिकल्या जांभळासारखं! अक्कांनी ती बाटली नेऊन साहेबांच्या टेबलावर, पाळण्याशेजारी ठेवली.

साहेबांनी बाटलीकडे पाहिलं. नातवाकडे पाहिलं.

"धूळ बसून मशीन बिघडलंय," ते म्हणाले. "आणि अक्का, दार लावा आधी. बाहेरची हवा आत येतेय!"